‘इन द वर्ड्स ऑफ’: शब्द कुणाचे, आशय कुणाचा?

१/ ‘इन द वर्ड्स ऑफ’ हा इंग्रजीतील अत्यंत रुळलेला वाक्प्रयोग. मराठीत तोच ‘अमुक यांच्या शब्दांत’ असा येतो. त्याचा अर्थ एकच: पुढचे शब्द त्या व्यक्तीनेच उच्चारले वा लिहिले आहेत. आशय तिचा आणि शब्द दुसऱ्याचे असतील, तर ती निव्वळ भाषेची चूक राहत नाही. ती खोटी साक्ष होते.

२/ व्हॉल्तेरचेच उदाहरण पाहा. न पटणारे मतही मांडण्याच्या हक्कासाठी प्राण पणाला लावण्याची ग्वाही देणारे वाक्य त्याच्या नावावर जगभर फिरते. त्याआधी ‘इन द वर्ड्स ऑफ व्हॉल्तेर’ हमखास असते. व्हॉल्तेर वारला १७७८ साली. ते वाक्य छापले गेले १९०६ साली.

३/ ते लिहिले इव्हलिन बिअ‍ॅट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने, ‘द फ्रेंड्स ऑफ व्हॉल्तेर’ या ग्रंथात, एस. जी. टॅलनटायर या टोपणनावाने. एल्वेसियसचे पुस्तक १७५९ मध्ये पॅरिसमध्ये जाळण्यात आले. त्या प्रसंगीची व्हॉल्तेरची वृत्ती तिने स्वतःच्या शब्दांत मांडली, पण अवतरणचिन्हांत. वाचकांनी चिन्हे पाहिली, संदर्भ पाहिला नाही. ते शब्द आपलेच असल्याचे पुढे तिनेच स्पष्ट केले. तोवर वाक्य हातचे गेले होते.

४/ यावर ठरलेला युक्तिवाद येतो: ‘भाव तर तोच ना?’ मग भाव म्हणूनच सांगावा. त्यासाठी इंग्रजीत ‘टू पॅराफ्रेज’ आहे. मराठीत ‘आशय असा’, ‘भावार्थ असा’ आहे. नेमका शब्द उपलब्ध असताना चुकीचा निवडला जातो, कारण थोर नावाचे वजन हवे असते आणि पुराव्याचे कष्ट नको असतात. त्यात विसाव्या शतकातील वाक्य अठराव्या शतकाचा पुरावा ठरते आणि खरी लेखिका पुसली जाते.

५/ हीच कसोटी घरच्या इतिहासालाही लावावी लागते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. शिवाजी महाराजांच्या निधनाला (१६८०) तेव्हा दहाहून अधिक वर्षे लोटली होती. तिच्यातील संवाद ‘महाराजांच्या शब्दांत’ म्हणून उद्धृत करणे अयोग्य; ‘सभासद बखरीनुसार’ हेच योग्य. त्याने बखरीचे मोल घटत नाही. तिची साक्ष नेमकी कशाची, एवढेच स्पष्ट होते.

६/ नियम सोपा आहे. मूळ पाठ हाती असेल, तरच ‘यांच्या शब्दांत’. अनुवाद असेल, तर तसे सांगावे. केवळ आशय असेल, तर ‘आशय’ म्हणावे. आणि मूळ सापडतच नसेल, तर वाक्य कितीही देखणे असो, ते कुणाच्याही तोंडी घालू नये. मृतांना खुलासा करता येत नाही. म्हणून ही जबाबदारी उद्धृत करणाऱ्याची.