साक्षीदार मागे का सरतो?

गुन्हा भर चौकात घडतो. पोलीस आले, की साऱ्या गावाने पाठ फिरवलेली असते. यावर ‘लोकांना नागरिकत्वाची जाणीव नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी वा मारेगावकडील कोलाम मजुराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. घरी तो कोलामी बोलतो, त्याचे बयान लिहिले जाते मराठीत. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत ठाण्याची एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. शिवाय ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच धुऱ्यावरून शेतात जाण्याची वाट असते. शहरातल्या साक्षीदाराला गुंडाचे भय, येथे शेजाऱ्याचे.

कायदा मात्र समजतो तितका कठोर नाही. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीपुढील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते. महिलेला ठाण्यावर बोलावणे बेकायदेशीर असल्याचे न्या. कृष्ण अय्यर यांनी नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ सालीच बजावले होते. तपासातील जबाबावर सही वा अंगठा घेण्यासही कायद्याची मनाई आहे. अंगठ्याने जमीन गेल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला ही एकच गोष्ट आरंभी सांगितली, तरी त्याची जीभ सैल होईल!

संरक्षणाचे काय? महाराष्ट्राने २०१७ चा कायदा केला; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. तीनुसार अर्जाचा निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती करते. तथापि धोका किती, याचा अहवाल द्यायचा पोलिसांच्याच उपविभागीय अधिकाऱ्याने. ज्याचा पोलिसांवर विश्वास नाही, त्याने हा अर्ज कोणत्या भरवशावर करावा? आणि पहारा काही दिवसांचा. धुऱ्यावरची वाट जन्माची.

म्हणून खरे काम पहिल्या भेटीतच व्हावयास हवे. गणवेश आणि जीप पाराजवळ उभी करून चारचौघांत नाव पुकारणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड स्वहस्ते शिवणे होय. साध्या वेषात, सायंकाळी, बोली जाणणारा माणूस बरोबर घेऊन जाण्यास नव्या कायद्याची गरज नाही. ठाण्यावर येणाऱ्यास वाजवी खर्च देण्याचे नियम करण्याची मुभाही राज्य शासनास आहे. तो खर्च किती आणि कोणाकडे मागावयाचा, याची मराठी पाटी प्रत्येक ठाण्याच्या दारावर लावण्यापासून आरंभ करता येईल.