वजनकाट्यावर दात मोजणारे डॉक्टर

मागच्या विकांताला घरी चंद्रपूरला होतो. चौदा वर्षांच्या भाचीच्या दातांना तारा बसवायच्या म्हणून तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे पोरीला आधी वजनकाट्यावर उभं केलं आणि सगळ्या पेशंटसमोर सांगितलं, "वजन जास्त आहे, तारांना वेळ लागणार. आधी खाणं कमी कर." घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आईने दारातच मला धरलं, "पोरीले काहून रडवलं?"

आता गंमत बघा. माझ्या दातांवरही अलाइनर आहेत, पुण्यात बसवलेले. काडीसारखे हात आणि लॅपटॉपच्या कृपेने पुढे आलेलं पोट. मला कुणीही काट्यावर उभं केलं नाही!

डोकं फिरलं, म्हणून रात्रभर वाचत बसलो. तर या बोलण्यामागे थोडं विज्ञान आहे, नाही असं नाही. चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन नव्हे. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं, आणि चरबी हार्मोन्सही सोडते हे कळलं. आता दात सरकतो कसा? तारेच्या दाबाने एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं बनतं. या तोडफोडीत दाताचं मूळ वाचवतो तो सिमेंटम नावाचा पातळ थर. तो बनवणाऱ्या आणि डागडुजी करणाऱ्या पेशी म्हणजे सिमेंटोब्लास्ट. लेप्टिन, ॲडिपोनेक्टिनसारख्या हार्मोन्सचा या पेशींवर परिणाम होतो, हे प्रयोगांत दिसलंय. पण कुठे? बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवर. युनिट टेस्ट पास झाली म्हणून कुणी थेट प्रॉडक्शनला टाकतं का? (बरं, टाकतात. पण शुक्रवारी रडतात.)

माणसांवरचा अभ्यासही आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2017 मध्ये तारा लावलेली 55 मुलं तपासली, काही लठ्ठ, काही नेहमीच्या वजनाची. दात सरळ व्हायला लागलेल्या दिवसांत लक्षणीय फरक नव्हता. उलट लठ्ठ मुलांचे दात सरकण्याचा वेग थोडा जास्तच निघाला. मग "वेळ लागणार" हे आलं कुठून?

आणि काटा तरी काय सांगतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! पुण्याजवळच्या गावांत त्यांनी दाखवलं की आपली बाळं जन्मतः हलकी असतात, पण हलकेपणा जास्त स्नायूंत असतो, चरबी त्या मानाने टिकून असते. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च'ने 1995-96 मध्ये 39 गावांतली 763 नवजात बाळं पाहिली. 42 टक्के कमी वजनाची होती. त्याच सुमारास मी आजोळी, गडचिरोली जिल्ह्यातच जन्मलो, दोन किलोचा. म्हणजे आज काट्यावर "नॉर्मल" दिसणारे आम्हीच. आमच्या चरबीची चौकशी कोण करणार?

वजन विचारूच नका, असं मी म्हणत नाही. पण दाताचं मूळ झिजतंय का, हे एक्स-रेत दिसतं, काट्यावर नाही. त्या दिवशी भाचीचा एक्स-रेच काढला नव्हता.

या शनिवारी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेतोय. दोन प्रश्न कागदावर लिहून घेतलेत: तारेचा दाब किती ठेवणार, आणि सहा महिन्यांनी मुळांचा एक्स-रे पुन्हा काढणार का? माझ्या अलाइनरवाल्यालाही हेच विचारायचंय. त्यानेही काढला नाहीये.