दस्त नोंदला, पण नाव लागलं का?

खरेदीपत्र झालं, अंगठे उमटले, फोटो निघाले, दुय्यम निबंधकांचा शिक्का बसला की आपण पेढे वाटतो. मग तो दस्त प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिजोरीत जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. कोल्हापुरात किंवा जिल्ह्यात कधीही जागा, घर, शेत घेतलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे : तो दस्त आज बाहेर काढा. शेजारी ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ठेवा आणि दोन्हीकडं तुमचंच नाव आहे का, ते बघा.

अनेकांच्या कार्डावर अजून विकणाऱ्याचं नाव असतं, काहींच्या तर त्याच्या आजोबांचं. कारण ही खाती वेगवेगळी आहेत. दस्त नोंदवतो नोंदणी व मुद्रांक विभाग. सातबारा महसूल खात्याचा. शहरातलं प्रॉपर्टी कार्ड भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन कार्यालयाकडं, आणि घरफाळा महापालिकेचा. एका ठिकाणी झालेलं काम दुसरीकडं आपोआप झालं असं धरून चालणं, ही आपली सगळ्यात महागडी सवय आहे.

शेतजमिनीचं बरं आहे. नोंदणीकृत दस्ताची वर्दी दुय्यम निबंधकांकडून महसूल खात्याला जाते. तलाठी फेरफार धरतात, संबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यात मध्ये कुठं अडलं, नावात फरक निघाला किंवा हरकत आली, तर फेरफार तसाच राहतो. म्हणून नोंद मंजूर झालेला उतारा हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. शहरातल्या मिळकतीसाठी दस्ताची प्रत जोडून नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. घरफाळ्याला नाव लावायचा अर्ज वेगळा. आणि हेही लक्षात ठेवा, की घरफाळ्याच्या पावतीवर नाव आलं म्हणून कोणी मालक होत नाही. मालकी दस्तानं मिळते. उताऱ्यावरच्या नावानं ती चारचौघांना दिसते.

ती दिसली नाही तर काय होतं? विकणारा वारतो. त्याची मुलं वारस नोंद करून घेतात आणि तुमच्या जागेवर त्यांची नावं चढतात. त्यातला एखादा तोच उतारा दाखवून कर्ज काढतो, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जागा दाखवतो. तुमचा दस्त आधीचा आणि नोंदणीकृत असेल तर हक्क तुमचाच, पण तो सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या तुम्हाला झिजवाव्या लागतात.

आता ज्यांच्याकडं दस्तच नाही, नुसता नोटरी केलेला बाँड आहे, त्यांच्याबद्दल. गावोगावी गुंठा-दोन गुंठे असे घेतले गेलेत. नोटरी सही कोणाची एवढं पाहतो. त्यानं जागा तुमची होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणं शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. नुसतं साठेखत आणि वटमुखत्यारपत्र घेऊन ताब्यात बसलेल्यांना मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला हजर करावा लागतो. अडचण असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात, त्यापुढं नाही. म्हणून विकणारा हयात आहे तोवर त्याला गाठा आणि रीतसर खरेदीपत्र करून घ्या. तुकडेबंदीची अडचण असेल तर वकिलाला उतारा दाखवून विचारा. लाजू नका, लपवू नका.

बाँड आणि नोंदणीकृत दस्त यांतला फरक आपल्याला पंचगंगेनं दाखवला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडीपासून शहरातल्या खालच्या भागापर्यंत घरंच्या घरं पाण्यात होती, आणि पाण्याला कपाट काय नि ट्रंक काय. दस्त नोंदलेला असेल तर त्याची नक्कल सरकारी दप्तरात असते. दस्त क्रमांक आणि वर्ष सांगून फी भरली की प्रमाणित प्रत मिळते. बाँड भिजून गेला की मागं काही उरत नाही.

नवीन खरेदी करणाऱ्यांनो, सही करण्याआधी मसुदा बोट ठेवून वाचा. आपल्या शहरात सिटी सर्व्हे नंबरासोबत वॉर्ड लिहावा लागतो : ए, बी, सी, डी, ई. तोच नंबर दुसऱ्या वॉर्डातही असू शकतो. ‘सी’च्या जागी ‘ई’ पडलं तर कागदावर तुम्ही भलत्याचंच घर घेतलेलं असतं. क्षेत्र, चतुःसीमा, आधार कार्डावरचं नाव आणि दस्तातलं नाव, सगळं तिथंच ताडून घ्या. नंतर चूक दुरुस्ती दस्त करता येतो, पण त्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं, आणि पैसे घेतलेला माणूस लवकर येत नाही.

बहिणींनाही एक सांगायचं आहे. ‘नाव कमी करायला फक्त सही पाहिजे’ असं सांगून कोणी निबंधकांकडं नेत असेल, तर तो कागद हक्कसोडपत्र आहे का, ते आधी वाचा. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत तुमचा हक्क भावाइतकाच आहे. स्वखुशीनं सोडायचा असेल तर जरूर सोडा. पण नोंदणी झाल्यावर तो परत मिळवायला कोर्टाशिवाय वाट नाही. घरी नेऊन चार दिवस वाचायला मागा. ज्याच्या मनात काही नाही, तो नाही म्हणणार नाही.

खरेदी जुनी आहे म्हणून हात आखडू नका. विकणारा वारला असला, त्याच्या वारसांची नावं लागलेली असली, तरी नोंदणीकृत खरेदीपत्र जोडून नोंदीसाठी अर्ज देता येतो. आधी दस्ताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) काढा, मग चालू उतारा काढा. एवढे कागद घेऊन तलाठ्याकडं किंवा नगर भूमापन कार्यालयात जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय परत फिरू नका.