टिकाऊ कळा, टिकाऊ अक्षरे

“गुरुजी, काना कुठे गेला?” शाळेतील संगणकावर आपल्या काकांना पत्र लिहावयास बसलेल्या एका विद्यार्थिनीने परवा विचारले. पाहतो तो कळफलकावर चिकटविलेल्या देवनागरी अक्षरांपैकी काना, क आणि र ही सदैव राबणारी अक्षरे पार पुसून गेलेली! शेजारची रोमन अक्षरे मात्र शाबूत होती. मुलीने निमूटपणे ‘काका’ हा शब्द रोमन लिपीत उमटविला.

‘अक्षर’ म्हणजे क्षय न पावणारे, असे आपण वर्गात शिकवितो. महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी जपणाऱ्या आपणांस हा क्षय क्षुल्लक मानून चालणार नाही. म्हणून कळफलक किंवा त्याच्या कळांवरील टोप्या घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

पहिला प्रश्न, टोपी कोणत्या प्लास्टिकची? सर्वत्र आढळणारे ‘एबीएस’ बोटांच्या घर्षणाने लवकर गुळगुळीत व चकचकीत होते. ‘पीबीटी’ अधिक चिवट असून त्याचा खरखरीतपणा दीर्घकाळ टिकतो. सुटी टोपी मिठाच्या संपृक्त द्रावणात टाकावी. आतील हवा काढून टाकल्यावर एबीएस तरंगते, पीबीटी बुडते.

दुसरा प्रश्न, अक्षर कसे बसविले आहे? नुसते वर छापलेले अक्षर बहुधा नखाला जाणवते. ते सर्वांत आधी झिजते. उष्णतेने प्लास्टिकात मुरविलेला रंग सहजी जात नाही. दुहेरी साच्यातील टोपीत तर अक्षर हेच निराळ्या रंगाचे प्लास्टिक असते. टोपी उलटी केली की आत दुसरा रंग दिसतो. मात्र त्यासाठी प्रत्येक अक्षराचा साचा घडवावा लागतो. तेव्हा देवनागरीसाठी फिकट पीबीटी टोपीवर मुरविलेले गडद अक्षर हा सोयीचा मार्ग होय. टोपीखालची खाच आपल्या कळफलकाशी जुळते ना, हे आधी पाहून घ्यावे. सफाई करताना ॲसिटोन मुळीच वापरू नये. एबीएस त्यात विरघळते.

याखेरीज एक उपाय बिनखर्चाचा आहे. ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणीत स्वर व मात्रा बहुतांशी डाव्या हाताकडे, तर व्यंजने उजव्या हाताकडे असतात. मुलांकडून रोज चार ओळी टंकलिखित करवून घ्याव्यात. बोटांत बसलेले अक्षर पुसले जाण्याचे भय नसते.