ध्रुवीय अस्वल आणि ओढ्यातला खेकडा

ध्रुवीय अस्वल आपल्या मुलांनी कधी पाहिलेले नाही. तरी वितळत्या बर्फावरचे त्याचे चित्र त्यांच्या ओळखीचे आहे. ते असावेच. १९७३ साली पाच देशांनी ओस्लो येथे त्याच्या रक्षणासाठी करार केला.

सह्याद्रीच्या ओढ्यातला खेकडा मात्र आपल्याला पावसाळ्यात, तोही कालवणापुरता आठवतो. गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या सुमारे १२८० जातींचा जागतिक आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे एक षष्ठांश जाती संकटात आढळल्या. जवळजवळ निम्म्या जातींबाबत निर्णय देण्याइतकी माहितीच नव्हती. ज्यांची नोंद नाही, त्यांच्या वाट्याला न्याय उशिरा येतो, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही.

समुद्री खेकड्यांची पिले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. गोड्या पाण्यातील मादी अंडी पोटाखाली जपते. त्यांतून इवले खेकडेच बाहेर पडतात आणि आसपासच वाढतात. त्यामुळे काही जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्याच उरतात. तिथले ओढे आटले वा कीटकनाशकांनी नासले, तर ती जात जगातूनच नाहीशी होते.

अस्वलाचा बर्फ राखण्यासाठी साऱ्या जगाचे एकमत लागते. ओढा राखण्यास एक गाव पुरे. करुणा आकारमान पाहत नाही, असे आम्ही मानतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या गावचा ओढा मुलांसह पाहावा आणि तिथल्या जीवांची नोंद वहीत करावी, अशी आमची विनंती आहे.