बाहेरच्या वाटेवरील पहारा

घराला कुलूप लावताना बाहेरून येणाऱ्या चोराचा विचार होतो. घरातून काय बाहेर जाते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. संगणकांच्या जाळ्यांबाबतही दीर्घकाळ हेच घडले. संगणकाच्या बाहेरील व्यवहारासाठी ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. ‘फायरवॉल’ हा त्यांवरील पहारा. येणाऱ्यांची झडती होऊ लागली. जाणाऱ्यांना मात्र मोकळीक राहिली.

या मोकळिकीची किंमत जानेवारी २००३ मध्ये कळून आली. ‘स्लॅमर’ या उपद्रवी प्रोग्रॅमने १४३४ क्रमांकाच्या पोर्टवरून दहा मिनिटांत असुरक्षित संगणकांपैकी बहुसंख्य ग्रासले. बाधित झालेला प्रत्येक संगणक स्वतःच बाहेर मारा करू लागला होता. २०१६ मध्ये ‘मिराई’ने घरोघरच्या कॅमेऱ्यांची व राउटरांची अशीच फौज उभारली. तेव्हा बाहेर जाणाऱ्या वाटेवर, कचेरीत तसेच घरीही, पहारा हवा, हे निर्विवाद आहे.

तथापि बंदीचेही अर्थशास्त्र असते. बंदी घालणाऱ्याच्या पदरी सुरक्षिततेचे श्रेय पडते. तिचा भुर्दंड कामे अडलेल्यांना सोसावा लागतो. साहजिकच बंद्या वाढत जातात, कमी होत नाहीत. परवाना पद्धतीचा अनुभव घेतलेल्या देशाला हे नव्याने सांगावयास नको. दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी २२ क्रमांकाचे पोर्ट लागते. ते सरसकट बंद केले की विद्यार्थ्याचा अभ्यास अडतो. मग सारी वाहतूक वेबसाठी खुल्या ठेवलेल्या ४४३ मधून जाऊ लागते, आणि तिच्याच आडोशाने उपद्रवही निसटतो. केवळ दाराचा क्रमांक पाहणारा पहारेकरी फसतो.

विवेकी बंदीचे उदाहरण टपालाचे आहे. घरगुती संगणकांतून सुटणारा अनाहूत पत्रांचा लोंढा थोपविण्यासाठी अनेक सेवादारांनी २५ क्रमांकाचे पोर्ट बंद केले. परंतु ओळख पटवून पत्र पाठविण्यासाठी ५८७ ची वाट खुली होती. कारण स्पष्ट होते आणि पर्याय हाताशी होता.

हीच कसोटी सर्वत्र लावावयास हवी. माहितीसाठा सांभाळणाऱ्या संगणकाला किंवा घरातील कॅमेऱ्याला जगाशी मुक्त संचार करू देण्याचे प्रयोजन नाही. तेथे आवश्यक तेवढीच वाट ठेवावी. माणसांच्या बाबतीत मात्र प्रत्येक बंदीचे कारण लेखी असावे, सवलतीच्या अर्जाला मुदतीत उत्तर मिळावे आणि साऱ्या नियमांची दरवर्षी फेरतपासणी व्हावी. कारण न सांगता अडविणाऱ्या नाक्याला लोक आडवाट शोधतात, आणि आडवाटेवर पहारा नसतो.