तापाचा पत्ता

ताप आला की डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून?’ आणि ‘किती?’ तितकाच महत्त्वाचा तिसरा प्रश्न अनेकदा राहून जातो: ‘कुठे गेला होतात?’ हा प्रश्न भूगोलाचा. आपण हा विषय नद्या आणि राजधान्या पाठ करण्यापुरता ठेवला; साथीत मात्र त्याचा खरा उपयोग कळतो.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलराने ६००हून अधिक बळी घेतले. हा रोग दूषित हवेने होतो, असा तेव्हा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले ते शोधले. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती. पण रोगाचा जंतू ठाऊक नसतानाही त्याचे ठिकाण शोधता येते, हे सिद्ध झाले.

आज हाच धडा आपल्या कोकणाला हवा आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. शेजारच्या गोव्यात, सत्तरीत, तो त्याआधीच पोचला होता. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. गोचिडींचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो. काजू गोळा करायचे, सरपण आणि पातेरा आणायचे दिवसही तेच. म्हणजे धोका सगळ्या जिल्ह्याला सारखा नाही; तो जंगलाच्या कडेला, ठरावीक महिन्यांत, ठरावीक कामे करणाऱ्यांना आहे. जिल्ह्याच्या सरासरीत हे दिसत नाही, नकाशावर दिसते.

या तापावर हमखास औषध नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. माणसाआधी अनेकदा माकडे मरतात. रानात मेलेले माकड ही केवळ वनखात्याची बाब नाही, आरोग्यखात्यासाठी ती धोक्याची घंटा आहे. ती जागा त्याच दिवशी नकाशावर आली, तर तिथे कीटकनाशक फवारता येते आणि आसपासच्या वाड्यांना सावध करता येते. दोडामार्गचे रुग्ण उपचारांसाठी गोव्यात जातात. गोचिडीला राज्याची सीमा कळत नाही. मग नकाशा तरी सीमेवर का थांबावा? दोन्ही राज्यांच्या आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन खात्यांनी एकच नकाशा वापरायला हवा.

जगभर माणूस जंगलाच्या कडेला सरकतो आहे आणि नव्या साथींपैकी बऱ्याच प्राण्यांकडून येत आहेत. प्रयोगशाळा रोगाचे नाव सांगेल, पण त्याचा पत्ता भूगोलच देईल. तो वेळेत मिळाला, तर काजूच्या बागेत जाणारी बाई संध्याकाळी धडधाकट घरी परतेल.